क्युरेटर व्हायचंय? पहिल्या पाच वर्षांत काय करावं

क्युरेटर म्हणजे प्रदर्शनाची कल्पना आखून, कलाकृती निवडून त्या मांडणारा माणूस. भारतात क्युरेटरच्या जागेची जाहिरात क्वचितच निघते. सरकारी संग्रहालयांतल्या मोजक्या जागा सोडल्या तर या कामासाठी ना स्पर्धा परीक्षा आहे, ना सनद, ना ठरलेली बढती. त्यामुळे जे.जे.तून, पुण्याच्या अभिनवमधून, कोल्हापूरच्या कलानिकेतनमधून बाहेर पडलेली मुलं-मुली, आणि इतिहास किंवा साहित्य शिकून कलेकडे वळलेलीही, एकाच जागी येऊन अडतात : आता नेमकं करायचं काय?

मी मुंबईतल्या गॅलऱ्यांत आणि संग्रहालयांत काम करत आले आहे. तिथे जे दिसलं ते शक्य तितकं क्रमाने लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या क्षेत्रात माणसाची पत दोन गोष्टींवरून ठरते : त्याने तडीस नेलेली प्रदर्शनं आणि चित्रकारांचा त्याच्यावरचा विश्वास. पदवी, परदेशी अभ्यासक्रम, ओळखीपाळखी या सगळ्यांचा उपयोग होतो. पण या दोन गोष्टी नसतील तर त्या फार लांब नेत नाहीत.

कोण कुठल्या वाटेने आलं

रणजित होस्कोटे १९८८ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासमीक्षा लिहीत होते. बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन. दक्षिण कोरियातल्या २००८ च्या ग्वांग्जू बिनालेच्या क्युरेटरांमध्ये ते होते आणि २०११ मध्ये व्हेनिस बिनालेतलं भारताचं पहिलं राष्ट्रीय दालन त्यांनी क्युरेट केलं. ही लेखनाची वाट.

झाशा कोला संस्थांमधून आल्या. मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, लोकांसाठीचे कार्यक्रम बघणं, मग छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन आर्ट फाउंडेशनमध्ये काम, असं करत त्यांनी २०१० मध्ये सुमेश शर्मा यांच्याबरोबर रिगल सिनेमाजवळच्या एका जुन्या इमारतीत क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह सुरू केलं. योगेश बर्वे, अमोल पाटील आणि चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या मुलखातून आलेले प्रभाकर पाचपुते अशी तेव्हाची तरुण मंडळी तिथे जमत, वाद घालत, काम मांडत. पुढे पाटील २०२२ च्या डॉक्युमेंटात, म्हणजे जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, होते आणि २०२५ मध्ये तेराव्या बर्लिन बिनालेच्या क्युरेटर झाशा कोला होत्या. क्युरेटर आणि चित्रकार एकमेकांच्या बरोबरीने वाढतात, याचं इतकं जवळचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरी वाट खुद्द चित्रकारांची. २०१२ मध्ये कोची-मुझिरिस बिनाले उभं करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियाझ कोमू, २०१४ चे क्युरेटर जितीश कल्लट, २०१६ चे सुदर्शन शेट्टी हे चौघंही जे.जे.चे. तेव्हा चित्रकलेची पदवी असेल तर ‘मी कलेतिहास शिकलो नाही’ म्हणून मागे हटू नका.

चौथी वाट अभ्यासाची. नताशा गिनवाला जेएनयूत शिकल्या, मग ॲमस्टरडॅमच्या डी ॲपेल या कलाकेंद्राचा क्युरेटरांसाठीचा अभ्यासक्रम केला आणि २०२५ च्या शारजा बिनालेच्या क्युरेटरांपैकी एक झाल्या.

कुठली वाट आपली हे पहिल्याच वर्षी ठरवायची गरज नाही. बहुतेक जण दोन वाटा मिसळतात.

आधी पाहायला शिका

हे फुकट आहे आणि तरीही सर्वांत जास्त टाळलं जातं. आठवड्यातला एक दिवस ठरवा. मुंबईत असाल तर काळा घोड्याहून सुरुवात करा : जहांगीर, समोरचं एनजीएमए, मग चालत कुलाब्याच्या खासगी गॅलऱ्या. प्रोजेक्ट ८८, चॅटर्जी अँड लाल, झवेरी कंटेम्पररी, फोर्टातली तर्क आणि केमोल्ड प्रेस्कॉट रोड. या गॅलऱ्यांचे दरवाजे बहुधा बंद असतात, बेल वाजवावी लागते, आणि आत गेल्यावर कुणी ‘काय हवंय’ विचारील या भीतीने कितीतरी विद्यार्थी जिन्यावरूनच परततात. बेल वाजवा. प्रवेश मोफत असतो आणि खरेदी करायची नसली तरी तुम्ही पाहुणेच आहात. जानेवारीतल्या मुंबई गॅलरी वीकेंडला तर सगळ्याच गॅलऱ्या लोकांसाठी सजून बसलेल्या असतात.

चित्रं आवडली की नाही हे वहीत लिहू नका. हे लिहा : दारातून आत शिरल्यावर पहिलं काय दिसलं? दोन कामांमध्ये किती जागा सोडली आहे? भिंतीवरचा मजकूर कुठे लावलाय, तो वाचायला लोक थांबतात का? व्हिडिओचा आवाज शेजारच्या खोलीत शिरतोय का? लोक कुठल्या कामापाशी रेंगाळतात आणि कुठलं न बघता पुढे जातात? खोलीचा साधा नकाशा काढा आणि कामं कुठे होती त्याच्या खुणा करा. शंभरेक प्रदर्शनांचे असे नकाशे वहीत जमले की स्वतःचं प्रदर्शन मांडताना हात आपोआप चालतो.

मुंबईबाहेर असाल तर कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं, राज्य कला प्रदर्शन, पुण्यात बालगंधर्व आणि सुदर्शनची दालनं, साताऱ्याजवळ औंधचं श्री भवानी संग्रहालय. वर्षातून एक मोठा प्रवास मात्र पैसे साठवून कराच. गोव्यातला डिसेंबरमधला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल सर्वांत जवळचा आणि परवडणारा. कोचीचं बिनाले चालू असेल तर तिथे किमान तीन दिवस काढा. एका दिवसात ते फक्त पायाखालून जातं.

स्टुडिओत जाणं

क्युरेटरचं खरं शिक्षण स्टुडिओत होतं. सुरुवात आपल्याच वयाच्या चित्रकारांपासून करा. प्रथितयश चित्रकाराला तुमची गरज नसते. नालासोपाऱ्यात वन-रूम-किचनमध्ये काम करणाऱ्या, अजून एकही प्रदर्शन न झालेल्या चित्रकाराला मात्र कुणीतरी मन लावून बघायला आलं याचं मोल असतं, आणि दहा वर्षांनी तुम्ही दोघंही एकमेकांना ओळखत असता.

जाण्याआधी त्यांचं जे काही मिळेल ते बघून जा. गेल्यावर पहिली दहा मिनिटं बोलू नका. भिंतीला टेकवलेली, पाठमोरी ठेवलेली, पलंगाखाली सरकवलेली कामं बघायला मागा. बऱ्याचदा चित्रकार पूर्ण झालेलं, फ्रेम केलेलं काम पुढे ठेवतो आणि खरी गोष्ट असते ती बाजूला पडलेल्या कच्च्या वहीत. ‘हे कसं केलं’ हा प्रश्न ‘याचा अर्थ काय’ यापेक्षा कितीतरी पटीने जास्त बोलतं करतो. कागद कुठून आणला, रंग का बदलला, हे अर्धवट का सोडलं. त्या उत्तरांतून अर्थ आपसूक येतो.

परवानगीशिवाय फोटो काढू नका, काढलेले इन्स्टाग्रामवर टाकू नका, आणि ‘तुला शोमध्ये घेते’ असं कधीही बोलून जाऊ नका. आठवड्याच्या आत दोन ओळींचा निरोप पाठवा : काय आवडलं, कुठला प्रश्न डोक्यात राहिला. घरी आल्यावर त्याच दिवशी नोंद करून ठेवा : कामांची नावं, माप, माध्यम, साल, आणि चित्रकाराचे शब्द त्याच्याच शब्दांत.

इथे मराठी माणसाकडे मोठं भांडवल आहे आणि ते फार कमी वापरलं जातं. सांगलीचा, गडचिरोलीचा, नांदेडचा चित्रकार इंग्रजीत तीन वाक्यं बोलून गप्प होतो आणि मराठीत तासभर बोलतो. इंग्रजीतल्या क्युरेटरपर्यंत तो तासभर पोहोचतच नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएत प्रभाकर बरवे यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, बोधना संस्थेच्या जेसल ठक्कर यांनी क्युरेट केलेलं. बरवे यांची चित्रं आणि त्यांच्या डायऱ्या तिथे एकत्र वाचता येत होत्या. असे कितीतरी चित्रकार महाराष्ट्रात आहेत ज्यांच्या वह्या, पत्रं, भाषणं मराठीत आहेत आणि घरच्या माळ्यावर पडून आहेत. त्यांवर काम करायला मराठी वाचता येणारा क्युरेटर लागतो.

शिक्षण घ्यावं का?

घ्यावं, पण घाईने नाही. वर्ष-दोन वर्षं काम करून मग शिकायला गेलेल्यांना आपल्याला काय हवंय ते माहीत असतं. कलेतिहासासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स आणि दिल्लीत जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स ही मुख्य ठिकाणं. संग्रहालयाच्या बाजूने यायचं असेल तर बडोद्यात म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, वेगळा विभाग आहे. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक-समकालीन कला आणि क्युरेटोरियल अभ्यास अशी पदविका चालवलेली आहे. फोर्टातल्या ज्ञानप्रवाहमध्ये नोकरी सांभाळून करता येतील असे सौंदर्यशास्त्राचे वर्ग असतात. दर वर्षी प्रवेश चालू आहे का, शुल्क किती, हे थेट संस्थेला विचारा.

परदेशात लंडनचं गोल्डस्मिथ्स, रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, न्यूयॉर्क राज्यातलं बार्ड यांची नावं मोठी आहेत आणि खर्चही. पूर्ण शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज काढून जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. परत आल्यावर इथला पगार ते कर्ज फेडत नाही आणि नाइलाजाने क्षेत्र सोडावं लागतं.

पहिली नोकरी : हमालीसकट सगळं

गॅलरी असिस्टंट, संग्रहालयातला प्रकल्प सहायक, एखाद्या चित्रकाराच्या स्टुडिओचा व्यवस्थापक, अभिलेखागारात यादी करणारा : यांपैकी जे मिळेल ते घ्या. गॅलरीत पैसा आणि संग्राहक कळतात, संग्रहालयात शिस्त कळते, स्टुडिओत चित्रकाराचं आयुष्य कळतं.

पहिल्या वर्षात एक काम नीट शिकलात तरी पुरे : चित्र आल्यावर त्याची तपासणी करून नोंद करणं, ज्याला सगळे कंडिशन रिपोर्ट म्हणतात. खोकं उघडण्याआधी खोक्याचा फोटो. मग टेबलावर स्वच्छ कापड अंथरून काम आडवं ठेवायचं. कागदावरचं काम असेल तर आधी समोरून बघायचं, मग खोलीतला उजेड कमी करून टॉर्च एका बाजूने जवळजवळ आडवी धरायची. त्या तिरक्या उजेडात दुमड, फुगवटा, कोपऱ्यातली बारीक चीर, सुटलेला रंगाचा पापुद्रा असं सगळं उठून दिसतं. तपकिरी ठिपके आहेत का, बुरशी आहे का, मागच्या बाजूला जुनी चिकटपट्टी आहे का. प्रत्येक दोषाची जागा कडेपासून सेंटिमीटरमध्ये मोजून लिहायची, जवळून फोटो घ्यायचा, तारीख घालून सही करायची, आणि आणून देणाऱ्याचीही सही घ्यायची. परत पाठवताना हाच कागद समोर ठेवून पुन्हा तपासायचं. पुढे कुणी ‘हा ओरखडा तुमच्याकडेच पडला’ म्हटलं की हा एक कागद नातं वाचवतो.

फ्रेम वरच्या पट्टीला धरून कधी उचलायची नाही, एक हात खाली आणि एक बाजूला. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवतात. कागद, कापड आणि छायाचित्रांवर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, तैलरंगांवर २०० पर्यंत. हे आकडे पाठ असलेला नवखा माणूस सुतार, इलेक्ट्रिशियन आणि वरिष्ठ अशा तिघांच्याही लगेच लक्षात राहतो.

बिनपगारी इंटर्नशिपबद्दल : ती श्रीमंतांच्या मुलांना पुढे आणि बाकीच्यांना मागे ठेवते, म्हणून संस्थांनी ती बंद करावी असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला ती घ्यावीच लागली तर मुदत लेखी ठरवा, दोन महिन्यांपेक्षा लांबवू नका, आणि प्रवासखर्च मागा. भिंतीवरच्या श्रेयनामावलीत तुमचं नाव असेल का हेही पहिल्याच दिवशी विचारा.

संस्थेत निर्णय कोण घेतं हेही डोळे उघडे ठेवून बघा. वर उल्लेखलेल्या बरवे प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकर एनजीएमएची स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती बरखास्त केल्याबद्दल बोलू लागले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवायचा प्रयत्न झाला. त्याच्या बातम्या देशभर झाल्या. समिती, विश्वस्त, मंत्रालय, प्रायोजक यांतला कुठला दुवा प्रदर्शनाला हात लावू शकतो, हे माहीत असलेला क्युरेटर चित्रकाराला अडचणीत आणत नाही.

लिहा, दर महिन्याला लिहा

महिन्याला एका प्रदर्शनावर सहाशे शब्द. रविवार पुरवणीत छापून आले तर उत्तम, नाहीतर स्वतःच्या ब्लॉगवर. पहिल्या परिच्छेदात काम डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे. ‘स्मृती’, ‘अवकाश’, ‘अस्मिता’ हे शब्द कुठल्याही चित्राला लागू पडतात, म्हणून ते वापरण्याआधी थांबा. परिच्छेद लिहून झाला की चित्रकाराचं नाव झाका आणि वाचा. तो दुसऱ्या कुणाच्या कामालाही चालत असेल तर पुन्हा लिहा.

मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहा. अर्ज, अनुदानं, कॅटलॉग इंग्रजीत चालतात हे खरं आहे. पण मराठी मजकूर आधी लिहिला की विचार स्वच्छ होतो, आणि प्रदर्शनाच्या भिंतीवर मराठी मजकूर लावणं ही महाराष्ट्रातल्या क्युरेटरची जबाबदारीच आहे.

पहिलं प्रदर्शन

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतःचं लहान प्रदर्शन करा. तीन ते पाच चित्रकार, एक खोली, दहा दिवस. जहांगीरसाठी थांबू नका. तिथली तारीख मिळायला वर्षं लागतात. महाविद्यालयाचं सभागृह, ग्रंथालयाची रिकामी खोली, मित्राचं बंद पडलेलं दुकान, वाड्याचा सोपा, काहीही चालतं. भिंत कोरडी आणि दाराला कुलूप हवं, एवढ्या दोनच अटी.

संकल्पना टिपण एका पानाचं : प्रश्न काय, हेच चित्रकार का, याच जागेत का. ते कामांमधून यावं. आधी भारदस्त विषय ठरवून त्यात चित्रं बसवली की प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

मग तारखा उलट्या मोजा. उद्घाटनाच्या तीन महिने आधी चित्रकारांशी लेखी करार, दोन महिने आधी कामांची अंतिम यादी मापांसह, महिनाभर आधी खोलीचा पुठ्ठ्याचा नमुना. तो घरीच करा : एक फूट म्हणजे एक इंच, चित्रांचे छोटे तुकडे कापून भिंतींवर सरकवून बघा. दोन आठवडे आधी मजकूर छापायला आणि तीन दिवस आधी मांडणी सुरू. शेवटच्या रात्री फक्त दिवे आणि लेबलं उरली पाहिजेत.

करार दोन पानांचा, साध्या मराठीत पुरे. कामाचं नाव, माप, किंमत. कधी घेणार, कधी परत देणार. वाहतूक आणि विमा कोणाकडे. विक्री झाली तर वाटा किती (खासगी गॅलऱ्यांत तो बहुधा निम्मा-निम्मा असतो, तुम्ही इतका घ्यायचं कारण नाही). फोटो कुठे वापरणार, हेही. चित्र विकत घेतलं म्हणून त्याचा कॉपीराइट मिळत नाही. भारतात तो कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं कलावंताकडे किंवा वारसांकडे असतो. त्यामुळे संग्राहकाकडून आणलेल्या चित्राचा फोटो छापायला चित्रकाराची परवानगी वेगळी घ्यावी लागते. नवखे क्युरेटर इथे हमखास चुकतात.

खर्चाचा कागद आधी करा : वाहतूक, फ्रेम, रंगरंगोटी, दिवे, छपाई, विमा, फोटोग्राफर, रखवालदार, उद्घाटनाचा चहा, आणि सगळ्यांत वर चित्रकाराचं मानधन. ते अगदी लहान असलं तरी असू द्या. एकूण रकमेच्या दहा टक्के अडीअडचणीला बाजूला ठेवा. फोटोग्राफरवर काटकसर करू नका, कारण प्रदर्शन उतरल्यावर पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर तेच फोटो जातात.

प्रदर्शन चालू असताना रोज दोन तास तिथे बसा. शाळेची मुलं, चहावाला, चित्रकाराचे आईवडील काय विचारतात ते ऐका. भिंतीवरचा मजकूर कुठे अडतो ते त्यांच्याकडून कळतं, आणि तो दुसऱ्या दिवशी बदलून छापता येतो.

पैसा आणि पुढचे दरवाजे

पहिली पाच वर्षं निव्वळ क्युरेटर म्हणून घर चालवणं फार थोड्यांना जमतं. भाषांतर, संपादन, कला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणं, चित्रकारांच्या कामांच्या याद्या करून देणं ही जोडकामं चांगली, कारण ती क्षेत्राजवळ ठेवतात. कुठल्याही प्रकल्पाला होकार देण्याआधी मानधन, हप्ते आणि मुदत ईमेलवर मागा. तोंडी ठरलेले पैसे बुडाले तर नंतर दाद मागणं फार अवघड जातं.

दोन प्रदर्शनं आणि दहा-बारा लेख हाताशी आले की अर्ज करायला लागा. कोचीच्या स्टुडंट्स बिनालेत तरुण क्युरेटर देशभरच्या कला महाविद्यालयांत फिरून विद्यार्थ्यांची कामं निवडतात, आणि महाराष्ट्रातली सरकारी व विनाअनुदानित कला महाविद्यालयं माहीत असलेल्याला तिथे वाव आहे. दिल्लीच्या खोज या कलासंस्थेने मॅक्समुल्लर भवनाबरोबर दक्षिण आशियातल्या नव्या क्युरेटरांसाठी प्रशिक्षण कार्यक्रम चालवला आहे. न्यूयॉर्कच्या इंडिपेंडंट क्युरेटर्स इंटरनॅशनलचे लहान मुदतीचे वर्ग असतात. अभिलेखागारावर किंवा संग्रहावर काम करायचं असेल तर बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचे अनुदान-कार्यक्रम बघत राहा. कोलकात्यात एक्सपेरिमेंटर गॅलरी २०११ पासून क्युरेटर्स हब भरवते. जगभरचे क्युरेटर तिथे आपलं एकेक प्रदर्शन उलगडून सांगतात आणि नंतर चहाच्या वेळी त्यांच्याशी बोलता येतं.

अर्जात मोठी यादी देऊ नका. एकच प्रदर्शन घ्या आणि ते कसं घडलं ते सांगा : कुठला प्रश्न होता, कुठलं काम शेवटच्या क्षणी दुसऱ्या भिंतीवर गेलं आणि का, बघायला कोण आलं. सोबत मांडणीचे सहा-आठ फोटो आणि खोलीचा नकाशा. शिफारसपत्र ज्येष्ठ नावाकडून आणण्यापेक्षा ज्या चित्रकाराबरोबर तुम्ही काम केलं त्याच्याकडून आणा. निवड समितीत बहुधा कुणीतरी चित्रकार असतोच, आणि त्याला अशा पत्राचं मोल लगेच कळतं.